लाइट आल्यावर कोण उठतं?

लग्नाकार्यात कोणी ‘काय करतोस?’ असं विचारलं, की ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढं सांगून सुटता येतं. आपल्या मंडळातल्या बीई किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींचं मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. ‘सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे नक्की काय?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. गेल्या काही वर्षांतल्या माझ्या कामाचा बराचसा भाग एका वाक्यात सांगता येतो. लाइट जाऊन परत आली की कॉम्प्युटरमधले जे प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायला हवेत, ते खरंच सुरू होतील याची व्यवस्था करणं. ऐकायला हे काम अगदी किरकोळ वाटतं. सुरतमध्ये ते किरकोळ का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणीतरी कधी ना कधी लूम्सच्या खात्यात काम केलेलं आहे. खानदेशातून ताप्ती लाइनने उधन्याला उतरायचं आणि लिंबायत, डिंडोली नाहीतर पांडेसराला खोली घ्यायची, हा रस्ता आपल्या आजोबांच्या पिढीपासूनचा. खात्यात कारीगराला महिन्याचा ठरलेला पगार बहुधा नसतो, हिशोब मीटरवर होतो. बारा तासांची पाळी, आठ ते आठ. पाळीत जेवढे मीटर कापड निघालं, तेवढे पैसे.

आता हे मीटर मोजतं कोण? पूर्वी मास्तर मशीनवरचा आकडा वहीत लिहायचा. आता बऱ्याच खात्यांत प्रत्येक मशीनला एक छोटा सेन्सर असतो. बाण्याचा धागा एकदा आडवा गेला की एक पिक. इंचाला ६० पिकचं कापड असेल तर एका मीटरला साधारण २,३६० पिक लागतात. मशीन मिनिटाला २०० पिक मारत असेल तर तासाला पाच मीटर कापड निघतं. एका कारीगराकडे अशी आठ मशीन असली तर तासाला चाळीस मीटर. सेन्सरकडून येणारे आकडे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम सतत गोळा करत असतो. पडद्यावर काही दिसत नाही, कोणी तिथे बसलेलं नसतं, प्रोग्रॅम मागच्या मागे चालू असतो. अशा प्रोग्रॅमला आम्ही सर्व्हिस म्हणतो. ती बंद असेल तर कापड निघत राहतं, पण कारीगराच्या नावावर मीटर चढत नाहीत.

आमच्याकडे एका शेठची तीन खाती आली. एक पांडेसऱ्याला, दुसरं सचिनला, तिसरं किमजवळ पिपोदऱ्याला. तीन खात्यांत तीन वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी कॉम्प्युटर बसवून दिले होते. तिन्हींवर लिनक्स होतं, पण तीन तऱ्हेचं. तक्रार मात्र तिन्हीकडची एकच, रात्री लाइट गेली की मीटर गायब. यूपीएस होते, पण त्यांच्या बॅटऱ्या कधीच बसल्या होत्या. शेठची मागणी एका वाक्याची होती, ‘लाइट आवे एटले बधुं एनी मेळे चालु थई जवुं जोईए.’ आणि पांडेसऱ्याच्या खात्यातल्या अमळनेरकडच्या एका आबांचा प्रश्न त्याहून छोटा होता, ‘दादा, मशीन ते रातभर चालनं, मंग मना मीटर कोठे गयात?’

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर कॉम्प्युटर चालू होताना आत काय होतं ते आधी पाहावं लागेल. लिनक्स हे एका कंपनीचं उत्पादन नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला कर्नल हा त्याचा गाभा. त्या गाभ्याभोवती बाकीची सामग्री जोडून वेगवेगळे गट आणि कंपन्या आपापली लिनक्स बनवतात. डेबियन, उबंटू, रेड हॅट, फेडोरा ही त्यातली काही नावं. यांना डिस्ट्रो म्हणतात. वीज मिळाल्यावर कर्नल मेमरीत येतो, हार्डवेअर ओळखतो आणि मग एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. पुढचं सगळं घर जागं करायचं काम या पहिल्या प्रोग्रॅमचं असतं. नेटवर्क, डेटाबेस, वेळ जुळवणारा, आणि आमचा मीटर मोजणारा. डिस्ट्रोंमधला मोठा फरक इथेच आहे. हा पहिला प्रोग्रॅम कोणता आणि त्याला सूचना कशा द्यायच्या, हे वर्षानुवर्षं ठिकठिकाणी वेगळं होतं.

पांडेसऱ्याचा कॉम्प्युटर सगळ्यात जुना होता. त्यावर सेंटओएस ६ होतं आणि सर्व्हिसेस जुन्या युनिक्सकडून आलेल्या पद्धतीने, म्हणजे सिसव्ही पद्धतीने चालत होत्या. या पद्धतीत प्रत्येक सर्व्हिससाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहायची आणि तिला क्रमांक द्यायचा. कॉम्प्युटर चालू होताना क्रमांकाप्रमाणे एकेक स्क्रिप्ट चालते, एक संपली की दुसरी. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी यादी घेऊन उभं राहावं आणि ‘आता मीठ, आता चटणी, आता कोशिंबीर’ असं ओरडत एकेकाला आत पाठवावं, तसं. पद्धत साधी आहे, वाचून समजते. पण तिच्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे वाढून झाल्यावर पुन्हा बघायला कोणी येत नाही. सर्व्हिस मध्येच मेली तर तिला उठवणं स्क्रिप्टचं काम नसतं. दुसरी म्हणजे यादीत नाव घालावं लागतं. सर्व्हिस आत्ता चालू करणं वेगळं आणि दर वेळी चालू व्हावी म्हणून यादीत नोंदवणं वेगळं. रेड हॅटच्या घराण्यात ही नोंद ‘चेककॉन्फिग’ या कमांडने होते, डेबियनच्या घराण्यात ‘अपडेट-आरसी-डी’ने. स्क्रिप्ट तीच असली तरी नोंदवही वेगळी.

आबांच्या मीटरचं उत्तर इथेच सापडलं. ज्यांनी हे बसवून दिलं होतं त्यांनी सर्व्हिस हाताने चालू केली होती आणि यादीत नाव घातलंच नव्हतं. कॉम्प्युटर बंद झाला नाही तोवर महिनोन्महिने सगळं सुरळीत चाललं. एका रात्री वीस मिनिटं लाइट गेली. परत आल्यावर कारीगरांनी मशीनची बटणं दाबली, कॉम्प्युटरही उठला, पण सर्व्हिस उठली नाही. कोणाच्या तरी लक्षात येऊन ती पुन्हा सुरू होईपर्यंत अडीच तास गेले होते. आठ मशीन, तासाला चाळीस मीटर, अडीच तास. शंभर मीटर कापड निघालं आणि नोंद शून्य. म्हणजे पाळीच्या कमाईचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मशीनच्या स्वतःच्या डब्यातला आकडा शाबूत होता आणि मास्तरने जुन्या सवयीने तो वहीत लिहिला होता, म्हणून वजाबाकी करून आबांचे मीटर त्यांना मिळाले. वही नसती तर भांडण झालं असतं आणि त्यात कोण हरलं असतं हे सांगायला नको.

सचिनचं दुखणं वेगळं होतं. ते समजायला मधला इतिहास थोडा बघावा लागेल. एकेक करून वाढायची पद्धत जुनी पडत चालली, तशी उबंटूच्या लोकांनी अपस्टार्ट नावाचा नवा पहिला प्रोग्रॅम लिहिला. तो २००६ मध्ये उबंटू ६.१० बरोबर आला. काही काळ फेडोरानेही तो घेतला, रेड हॅट ६ आणि सेंटओएस ६ मध्येही आतून तोच होता, फक्त बहुतेक सर्व्हिसेस जुन्या स्क्रिप्टांवरच राहिल्या. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टीमडी मांडलं. त्यात क्रमांकांची यादी नाही. प्रत्येक सर्व्हिसची एक युनिट फाइल असते आणि तीत ती स्वतःची गरज सांगते, ‘मी नेटवर्कनंतर’, ‘मला डेटाबेस हवाच’. ज्यांना एकमेकांची वाट बघायची नाही ते एकदम सुरू होतात. चटणी आणि कोशिंबीर दोघांनी एकदम वाढायला हरकत नाही, फक्त तूप भातानंतर, एवढं सांगितलं की पुरे. शिवाय मेलेल्या सर्व्हिसला पुन्हा उठवायचं की नाही, हेही त्याच फाइलमध्ये लिहिता येतं.

२०११ मध्ये फेडोरा १५ ने सिस्टीमडी घेतलं. डेबियनमध्ये मात्र मोठा वाद झाला. एकाच प्रोग्रॅमने इतकी कामं अंगावर घ्यावीत का, हा त्यातला खरा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत सिस्टीमडी आणि अपस्टार्ट यांच्यात मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टीमडीची निवड झाली. त्यानंतर काही दिवसांतच उबंटूनेही स्वतः बनवलेलं अपस्टार्ट सोडून सिस्टीमडीकडे जायचं जाहीर केलं. ज्यांना हा निर्णय मान्य नव्हता त्यांनी त्याच वर्षी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली, ती आजही पेटती आहे. २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ सिस्टीमडीसह आले. हे सगळं आपल्यापासून दूर वाटतं, पण तसं नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने मराठीसह भारतीय भाषांची सोय करून बनवलेली ‘बॉस’ लिनक्ससुद्धा डेबियनवरच आधारलेली आहे. डेबियनच्या अंगणात वाद झाला की त्याचे पडसाद इथवर येतात. आणि जेंटू, अल्पाइन यांसारख्या डिस्ट्रो अजून ओपनआरसी या तिसऱ्याच पद्धतीने चालतात.

सचिनच्या कॉम्प्युटरवर नवं उबंटू होतं, सिस्टीमडीसह. सर्व्हिस यादीतही होती. तरी ती उठत नव्हती, आणि तेही कधीतरीच. असं कधीतरीचं दुखणं सगळ्यात वाईट. नोंदी वाचल्यावर चित्र दिसलं. वीज अचानक गेल्यावर डेटाबेस उठताना आधी आपलं घर तपासतो, अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतो. त्याला कधी दोन सेकंद लागतात, कधी चाळीस. आमच्या सर्व्हिसने डेटाबेसची वाट बघायची असं तिच्या फाइलमध्ये कोणी लिहिलंच नव्हतं. ती उठायची, दार ठोठवायची, दार उघडलं नाही की मरायची. ‘मेली तर पुन्हा उठव’ असं लिहिलेलं होतं, पण किती वेळाने ते लिहिलेलं नव्हतं. न सांगितल्यास सिस्टीमडी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा उठवतं, आणि दहा सेकंदांत पाच वेळा उठवूनही सर्व्हिस टिकली नाही तर नाद सोडतं. म्हणजे आमची सर्व्हिस काही क्षणांत पाचही संधी वापरून कायमची झोपत होती. तिकडे डेटाबेस अजून डोळे चोळत होता. उपाय दोन ओळींचा होता. ‘डेटाबेसनंतर सुरू हो’ आणि ‘मेलीस तर दहा सेकंद थांबून पुन्हा उठ’. दहा सेकंदांच्या अंतराने उठवलं की पाच प्रयत्नांची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. ती प्रयत्न करत राहते.

पिपोदऱ्याला रास्पबेरी पाय होता. तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, डेबियनवर आधारलेलं लिनक्स, सिस्टीमडी. सर्व्हिस प्रत्येक वेळी व्यवस्थित उठत होती, मीटरही चढत होते, पण चुकीच्या माणसाच्या नावावर. हे कळायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये छोटी बॅटरी असते, त्यामुळे तो बंद असतानाही घड्याळ चालतं. तिथल्या पायमध्ये तशी बॅटरी नव्हती. तो तासातासाने वेळ लिहून ठेवतो आणि उठल्यावर शेवटची लिहिलेली वेळ हीच आत्ताची वेळ असं धरून चालतो. इंटरनेट मिळालं की मग खरी वेळ विचारून घेतो. समजा सकाळी पावणेसातला लाइट गेली आणि सव्वाआठला आली. पायच्या मते अजून सहा-साडेसहाच वाजलेत. इंटरनेटचा डबा उठेपर्यंत दिवसपाळीच्या माणसाने काढलेलं कापड रातपाळीच्या माणसाच्या खात्यात जात होतं. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं मात्र बंद झालं होतं.

इथे ‘घड्याळ खरं होईपर्यंत थांब’ असं युनिट फाइलमध्ये सांगता येतं. पण रात्री इंटरनेट आलंच नाही तर सर्व्हिस थांबूनच राहील आणि पुन्हा नोंद शून्य. म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारी घड्याळाची छोटी चिप लावली. सर्व्हिस सुरू होण्याआधी त्या चिपवरून वेळ घ्यायची असा क्रम लावून दिला. तिन्ही दुखण्यांत हे एकच असं होतं की नुसती फाइल बदलून भागलं नाही.

या तीन खात्यांनंतर आम्ही एक गोष्ट ठरवून टाकली. डिस्ट्रो कोणतीही असो, आधी तेच चार प्रश्न विचारायचे. पहिला, ही सर्व्हिस सुरू कोण करतं? यादीत नाव आहे का, की कोणीतरी हाताने चालू करून ठेवली आहे? दुसरा, तिच्या आधी कोण उठलेलं असायला हवं? नेटवर्क, डेटाबेस, घड्याळ? तिसरा, ती मध्येच मेली तर कोण उठवेल आणि किती वेळाने? चौथा, मरताना ती आपलं गाऱ्हाणं कुठे लिहून ठेवते? चौथा प्रश्न लोक विसरतात. सिस्टीमडीची नोंदवही काही ठिकाणी फक्त मेमरीत असते, लाइट गेली की पुरावाही जातो. ती डिस्कवर ठेवायची व्यवस्था आधी करावी लागते. उत्तरं डिस्ट्रोप्रमाणे बदलतात, कमांड बदलतात, फाइलची जागा बदलते. प्रश्न मात्र पांडेसऱ्यातही तेच आणि अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्येही तेच.

तिन्ही ठिकाणी एकच डिस्ट्रो का नाही केली, असंही कोणी विचारेल. हळूहळू तेच करतो आहोत. सेंटओएस ६ ची दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२० लाच थांबली, त्यामुळे पांडेसऱ्याचा कॉम्प्युटर आता डेबियनवर आणला आहे. पण चालतं खातं बंद ठेवून सगळं एका दिवसात बदलता येत नाही. तोपर्यंत जे आहे ते, ज्या भाषेत कळतं त्या भाषेत, नीट सांगून ठेवावं लागतं. सुरतमध्ये आपण तेच करतो ना? शेठशी गुजराती, मास्तरशी हिंदी, घरी मराठी, आणि आजी आली की अहिराणी. म्हणणं एकच असतं.

शेवटी परीक्षा घेतली ती कीबोर्डवरून नाही. सुट्टीच्या दिवशी, आधी सगळ्या माहितीची दुसरी प्रत काढून, खात्याचा मेन स्विच पाडला. रीस्टार्टची कमांड दिली की कॉम्प्युटर शहाण्यासारखा सगळ्यांना सांगून बंद होतो. लाइट कोणाला सांगून जात नाही. प्रत्येक खात्यात तीन-तीनदा स्विच पाडला. एका ठिकाणी तर असं निघालं की वीज आल्यावर कॉम्प्युटर स्वतःहून चालूच होत नव्हता, कोणीतरी बटण दाबायची वाट बघत बसत होता. बायोसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ अशी एक सेटिंग असते, ती बंद होती. लिनक्सपर्यंत गोष्ट पोचण्याआधीचा तो पहिला दुवा. आणि भिंतीवर एक हिरवा दिवा लावला. मीटरची नोंद होत असेल तरच तो पेटतो. खाली गुजराती, हिंदी आणि मराठीत एकच ओळ आहे, ‘दिवा विझला असेल तर मीटर वहीत लिहा आणि फोन करा.’ वही आम्ही बंद केली नाही.

मंडळातल्या ज्या मुलांना हे शिकायचं आहे त्यांना पैसे लागत नाहीत. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन, अल्पाइन आणि डेव्हुआन अशा तीन डिस्ट्रो टाका. दर मिनिटाला वेळ लिहिणारा चार ओळींचा प्रोग्रॅम करा आणि तो तिन्हीकडे सर्व्हिस म्हणून बसवा. मग मशीन नीट बंद न करता थेट वीज काढल्यासारखं बंद करा, पुन्हा चालू करा आणि वेळ कुठे तुटली ते बघा. एका रविवारात जे कळेल ते चार पुस्तकं वाचून कळायचं नाही. पुढे नोकरीत कोणी तुमच्याकडे एखादी सर्व्हिस सोपवली, तर कमांड शोधण्याआधी एवढं विचारून घ्या, ही रात्री दोनला बंद पडली तर सकाळी आठला कोणाचं काय कमी भरेल? आमच्या तिन्ही खात्यांत या प्रश्नाचं उत्तर मास्तरला तोंडपाठ होतं. त्याला फक्त कोणी विचारलं नव्हतं.